पायाच्या मदतीला हवा : देवराष्ट्र्याची जीप, कुंभार्ली घाट आणि ब्रेक बूस्टरचा इतिहास

१/
कडेगाव म्हटले की सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला मोहरमचे उंच ताबूत आठवतात. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र याच तालुक्यातील देवराष्ट्रे हे गाव एका वाहनामुळे देशभर गाजले. दत्तात्रय लोहार या कारागिराने जुन्या, टाकाऊ भागांची जुळणी करून एक लहानशी जीप उभी केली होती. इंजिन दुचाकीचे, स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. खर्च सुमारे ६०,००० रुपये. मुलाची गाडीची हौस पुरवावी, एवढाच हेतू.

२/
या जीपची चित्रफीत आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. त्यांनी कौतुक केले आणि त्याच दमात एक अडचणही नोंदवली : हे वाहन नियमांत बसत नाही, आज ना उद्या प्रशासन ते रस्त्यावरून उतरवेल. म्हणून त्यांनी त्याच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. बोलेरो लोहारांच्या दारात आली आणि घडवलेली जीप कंपनीच्या संग्रहात गेली.

३/
या प्रसंगाची चर्चा प्रामुख्याने किकची झाली. गाडी सुरू कशी होते, याचेच कुतूहल सर्वांना. परंतु ‘नियमांत बसत नाही’ या तीन शब्दांमागे वाहनविद्येचा दुसरा, अधिक गंभीर प्रश्न उभा असतो : गाडी थांबते कशी? मोटारीच्या इतिहासात इंजिनाला जेवढा मान मिळाला तेवढा ब्रेकला कधीच मिळाला नाही. वास्तविक शंभर वर्षांत मोटार वेगवान झाली ती तिला थांबवता येऊ लागले म्हणून. हा धागा त्या थांबवण्याच्या इतिहासाचा, आणि जुन्या गाडीला ब्रेक बूस्टर बसवावा की नाही या आजच्या वादाचा.

४/
प्रथम भूगोल. गुहागरहून विजापूरला जाणारा रस्ता चिपळूण ओलांडतो, कुंभार्ली घाट चढतो आणि पाटण, कऱ्हाड, कडेगाव, विटा असा पूर्वेकडे सरकतो. एकाच रस्त्यावर समुद्रसपाटीजवळचे कोकण, सह्याद्रीचा कडा आणि माणदेशाच्या उंबरठ्यावरचे पठार. घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. चढताना गाडी बंद पडली तर प्रवासी खाली उतरून ढकलतात. उतरताना ब्रेक गेला तर ढकलायला कुणी उरत नाही.

५/
आता विज्ञान, आणि तेही इतिहासाच्या वाटेने. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील ओटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकाच्या मध्यास एक प्रयोग करून दाखवला. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना टेकवून त्यातील हवा पंपाने काढून घेतली, आणि मग दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते अर्धगोल सुटेनात. इकडे त्याच दशकात, १६५६ मध्ये, शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती. गेरिकेने सिद्ध केले ते एवढेच : आपल्याभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो एवढ्या जोराने सतत दाबत असते. हा दाब जाणवत नाही, कारण तो सर्व बाजूंनी सारखा असतो. एका बाजूची हवा काढली की दुसऱ्या बाजूची हवा फुकटची मजूर होते.

६/
या फुकट्या मजुराला ब्रेकच्या कामाला प्रथम लावले ते रेल्वेने. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर अडलेल्या गाडीचे मागचे डबे सुटून उतारावरून मागे धावले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण मेले, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले. अमेरिकेत वेस्टिंगहाऊसचे दाबाच्या हवेचे ब्रेक रूढ झाले. ब्रिटनने आणि त्यामागोमाग हिंदुस्थानने प्राधान्य दिले ते निर्वात ब्रेकला, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकला.

७/
पुणे-मिरज मार्ग याच सुमारास झाला. कऱ्हाड, शेणोली, ताकारी ही कडेगाव परिसराला जवळची स्थानके त्याच मार्गावरची. व्हॅक्यूम ब्रेकची खुबी अशी की निर्वात असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात आणि नळीत हवा शिरली की ते लागतात. डबा सुटला, नळी तुटली, कुणी साखळी ओढली, तर हवा आत शिरते आणि गाडी आपोआप थांबते. बिघाड झाला तर थांबण्याच्या बाजूने व्हावा, हे तत्त्व त्यात मुरलेले होते. ते ध्यानात ठेवावे, कारण मोटारीच्या बूस्टरमध्ये नेमके उलटे आहे.

८/
(थोडे विषयांतर, परंतु या भागातील वाचकांना ते टाळता येणार नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवली. जी. डी. बापू लाड त्या मोहिमेच्या अग्रभागी होते. साधन कोणते? रुळांवर रचलेले दगड. गाडीला मागेही जाता येऊ नये म्हणून तिच्या पाठीमागेही दगड रचले गेले. जगातील सर्वांत जुना ब्रेक तो हाच.)

९/
मोटारीकडे वळू. आरंभीच्या मोटारींना ब्रेक मागच्या चाकांनाच असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी कोलांटी खाईल, अशी भीती होती. लुई रेनोने १९०२ मध्ये आजच्या ड्रम ब्रेकचा पूर्वज बनवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण ती कल्पना पन्नास वर्षे पडून राहिली. १९१९ च्या हिस्पानो-सुइझा एच-६ या गाडीत चारही चाकांना ब्रेक होते आणि चालकाच्या पायाला गाडीच्याच गतीतून यांत्रिक मदत मिळत असे. ही रचना इतकी सरस ठरली की रोल्स-रॉइससारख्या अभिमानी कंपनीने परवाना घेऊन ती स्वीकारली. संस्थानिकांच्या तबेल्यांतून मोटारींनी घोड्यांना बाहेर काढले त्या काळातील ही गोष्ट.

१०/
दुसरी क्रांती द्रवाची. माल्कम लॉकहीडने पायाचा दाब तारा आणि दांड्यांऐवजी नळीतील द्रवातून चाकांपर्यंत नेला. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीत चारही चाकांना असे द्रवदाबाचे ब्रेक आले. तारेच्या ब्रेकमध्ये एक तार सैल, एक ताठ अशी सततची कटकट असे आणि गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढली जाई. द्रव मात्र पक्षपात करत नाही.

११/
तिसरी क्रांती म्हणजे आपला आजचा नायक. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्बेर देवांद्र या बेल्जियन अभियंत्याने इंजिनातील निर्वाताचा उपयोग करून ब्रेकला जोर देणारे साधन तयार केले, आणि जर्मनीच्या बॉश कंपनीने ते उत्पादनात आणले. पलीकडे अमेरिकेत १९२८ च्या पिअर्स-ॲरो मोटारींत ब्रॅग आणि क्लीसरॅथ या जोडीचे असेच साधन बसू लागले. दोन खंडांत एकाच वेळी एकच कल्पना सुचली, कारण अडचणही एकच होती : गाड्या जड झाल्या होत्या, माणसाचा पाय मात्र तेवढाच होता.

१२/
बूस्टर करतो काय? पेट्रोल इंजिन श्वास घेते तेव्हा कार्ब्युरेटरची झडप अर्धवट मिटलेली असते, म्हणून त्या पलीकडच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. तो एका नळीने बूस्टरच्या पत्र्याच्या गोल डब्यात आणलेला असतो. डब्याच्या मधोमध रबरी पडदा. पॅडल दाबले नसताना पडद्याच्या दोन्ही अंगांना निर्वात असतो, म्हणून पडदा स्वस्थ. पॅडल दाबताच एक लहान झडप मागच्या अंगाला बाहेरची हवा सोडते. पुढे निर्वात, मागे हवा. पडदा पुढे ढकलला जातो आणि तो मास्टर सिलिंडरची दांडी दाबतो.

१३/
आकड्यांत पाहा. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. मॅनिफोल्डमध्ये पूर्ण निर्वात कधीच नसतो, साधारण दोनतृतीयांश धरू. म्हणजे पडद्यावर २०० किलोंच्या आसपास जोर. बूस्टर नसलेल्या गाडीत चालकाने २५ किलो जोर लावला आणि पॅडलच्या तरफेने तो सहापट केला, तरी मास्टर सिलिंडरवर १५० किलोच पोहोचतात. फुकटची मजुरी किती मोलाची असते ते यावरून कळावे.

१४/
मग प्रश्न असा की एवढे उत्तम साधन १९२८ मध्ये उपलब्ध असताना पुढची तीस वर्षे बहुतेक लहान मोटारी त्याविना कशा धावल्या? उत्तर ड्रम ब्रेकच्या स्वभावात आहे. ड्रममध्ये फिरत्या चाकाच्या दिशेला तोंड करून असलेला शू घासला गेला की ड्रम त्यालाच आपल्याकडे ओढून घेतो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला आवळतो. लहान गाडीला एवढी घरची मदत पुरेशी होती. डिस्क ब्रेकमध्ये असे काही होत नाही. तेथे पॅड तबकडीवर काटकोनात दाबले जातात, ओढून घेणारे कुणी नाही. जेवढा जोर तुम्ही द्याल तेवढाच ब्रेक.

१५/
तरीही जगाने डिस्क स्वीकारली, कारण ड्रमची तीच ओढून घेण्याची सवय उष्णतेत घातक ठरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. लायनिंगचे घर्षण घटते, आणि घटलेल्या घर्षणाबरोबर ती घरची मदतही आटते. पॅडल खाली जाते, गाडी थांबत नाही. घाटात लायनिंगचा जळका वास ज्याने घेतला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. उघड्या तबकडीला वारा लागतो, ती लवकर निवते. १९५३ च्या ल मान शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या नेहमीच्या वापराच्या मोटारीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या. डिस्क आली तसा मोटारीच्या पायाला आधार लागू लागला, आणि बूस्टर चैनीच्या गाडीतून उतरून मध्यमवर्गीय गाडीत शिरला.

१६/
भारत या प्रवासात कुठे होता? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम क्रायस्लर गटाच्या गाड्या आणि पुढे फियाट निघू लागल्या. आपल्याकडे जी फियाट ११०० डी म्हणून आली तीच नाव बदलत १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत तिच्या पुढच्या आवृत्तीला, ११०० आर हिला, १९६६ मध्येच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले होते. कुर्ल्याची पद्मिनी मात्र चारही चाकांच्या ड्रमवर चालत राहिली. आयातबंदी, परवाने आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. गाडी मिळाली हेच भाग्य, तिथे ब्रेक कोणता असे विचारणार कोण? ग्राहक रांगेत उभा असेल तर कारखान्याला सुधारणेची घाई नसते, हा त्या काळचा कटू धडा.

१७/
जीपची कथा याहून रंजक. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. त्यातील मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले आणि विलीज जीपची जुळणी सुरू झाली. महायुद्धासाठी घडवलेल्या त्या जीपला ९ इंची ड्रम ब्रेक होते आणि बूस्टर नव्हता. १९४१ सालच्या रणगाडीला तेवढे पुरेसे होते : वजन कमी, वेग बेताचा, रस्ते मातीचे. त्याच युद्धातील जीएमसीच्या अडीच टनी लष्करी ट्रकला मात्र बेंडिक्स कंपनीचा ‘हायड्रोव्हॅक’ बूस्टर होता. अमेरिकन सेनेला दोन्हींतील फरक पुरता ठाऊक होता.

१८/
आपल्याकडे तो फरक पुसला गेला. जीप लष्करातून मामलेदार कचेरीत आली, तेथून साखर कारखान्यात आणि मग तिची झाली ‘वडाप’. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एस.टी. चुकली की वडाप. आत दाटीवाटीने माणसे, मागच्या फळीवर लोंबकळणारी पोरे, टपावर भाजीच्या पाट्या. मूळ जीपसाठी बेतलेल्या ब्रेक-विचारावर एवढा भार. अशा गाडीचा चालक उजव्या पायाच्या पोटरीवरून ओळखावा, असे विनोदाने म्हटले जाई. त्यात विनोद थोडाच होता.

१९/
यात डिझेलने नवी गुंतागुंत आणली. पेट्रोल महागले तशी गाड्यांत डिझेल इंजिने बसू लागली. महिंद्रने प्यूजो कंपनीच्या परवान्याने इगतपुरीला डिझेल इंजिने बनवायला घेतली, आणि गावोगावच्या गॅरेजांतून जुन्या पेट्रोल गाड्यांचे ‘डिझेल कन्व्हर्शन’ सर्रास होऊ लागले. परंतु डिझेल इंजिन मोकळा श्वास घेते. त्याच्या वाटेत पेट्रोल इंजिनासारखी अर्धवट मिटलेली झडप नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये उपयोगी निर्वातही नसतो. डिझेल गाडीला बूस्टर चालवायचा तर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बूस्टर बसवला, नळी डिझेलच्या मॅनिफोल्डला जोडली आणि पॅडल दगडासारखे कडकच राहिले, असा अनुभव या एका नियमाच्या अज्ञानातून येतो.

२०/
आता आजचा वाद. जुन्या मोटारी जपणारी तरुण पिढी महाराष्ट्रात वाढते आहे. आजोबांची पद्मिनी, मामांची अँबेसेडर, सोसायटीची जीप पुन्हा रंगरूप घेऊन उभी राहते. मग पहिला प्रश्न येतो : ब्रेक सुधारावा का? एक पक्ष म्हणतो, गाडी म्हणजे ऐतिहासिक दस्तऐवज, त्यावर खाडाखोड नको. दुसरा म्हणतो, आजच्या महामार्गावर पुढची गाडी एबीएसच्या बळावर जागच्या जागी थांबते, आणि मागून येणारी १९६५ ची फियाट तिच्या डिकीत शिरते. दस्तऐवज जपण्यासाठी तो शाबूत तर राहिला पाहिजे.

२१/
या वादात एक गैरसमज फार खोल रुतला आहे. तो असा की बूस्टर बसवला म्हणजे ब्रेक ‘वाढला’. बूस्टर ब्रेकची क्षमता वाढवत नाही, पायाचे श्रम कमी करतो. ड्रम तेवढाच, लायनिंग तेवढेच, तापल्यावर निकामी होण्याची मर्यादाही तीच. उलट जुन्या ड्रमवर नुसता बूस्टर चढवला तर आधीच स्वतःला आवळणारा ब्रेक एकदम चावतो, ओल्या रस्त्यावर चाके जाम होतात आणि गाडी घसरते. म्हणून जाणता मेस्त्री उलट्या क्रमाने जातो : आधी ड्रमची लेथवर पाहणी, व्हील सिलिंडर, नळ्या, ताजे ब्रेक ऑइल, मग पुढच्या डिस्क, मग दुहेरी मास्टर सिलिंडर, आणि सर्वांत शेवटी बूस्टर.

२२/
दुहेरी मास्टर सिलिंडरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्याला बूस्टरएवढे ग्लॅमर नाही. जुन्या गाडीत चारही चाकांना एकच द्रवमार्ग असतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे केले : एक फुटला तरी दुसरा दोन चाके धरतो. रेल्वेने १८८९ मध्ये जे शिकले त्याची ही मोटारीतील उशिराची आवृत्ती. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते बूस्टरवर न घालता येथे घालावेत.

२३/
जीपमध्ये आणखी एक अडचण आहे. जुन्या जीपचे पॅडल पायाखालच्या पत्र्यातून आरपार जाते आणि मास्टर सिलिंडर खाली चॅसिसला जोडलेला असतो. आधुनिक बूस्टर बसतो तो इंजिन आणि चालक यांच्यामधल्या उभ्या पत्र्यावर. मग दोनच मार्ग. एक, लोंबते पॅडल बसवून सगळी मांडणी वर आणायची. त्यासाठी तो पत्रा आतून जाड पट्टीने बळकट करावा लागतो, नाहीतर दोनशे किलोंच्या जोराने पत्राच वाकतो आणि पॅडल फुसके लागते. दुसरा, हायड्रोव्हॅकच्या जातीचा, पॅडलपासून दूर, नळीच्या मार्गात बसणारा बूस्टर. तो गाडीचे मूळ रूप फारसे बदलत नाही, म्हणून जुन्या इंग्लिश गाड्यांचे शौकीन त्यालाच पसंती देतात. पॅडलच्या तरफेचाही विचार हवा. बूस्टरविना सहापट असलेली तरफ बूस्टरसह चौपटीच्या आसपास आणतात, अन्यथा पाय टेकताच प्रवासी काचेवर.

२४/
आणि आता सातव्या टप्प्यात ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. रेल्वेचा निर्वात गेला की ब्रेक लागतो. मोटारीच्या बूस्टरचा निर्वात गेला की मदत जाते. नळीत एक एकेरी झडप असते, तिच्यामुळे इंजिन बंद पडले तरी डब्यात थोडा निर्वात उरतो, साधारण दोन-तीन वेळा पॅडल दाबण्यापुरता. त्यानंतर सारा भार पायावर. आता आपल्याकडील जुनी सवय आठवा : तेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, कुणी तर इंजिनच बंद करून सोडायचे. बूस्टर नसलेल्या जीपवर हात बसलेल्या चालकाला ही खोड फार महागात पडली नसेल, कारण त्याचे पॅडल नेहमीच कडक होते आणि त्याचा पाय तयार होता. बूस्टरच्या गाडीत मात्र तिसऱ्या-चौथ्या दाबाला पॅडल अचानक दगड होते, तेही घाटाच्या वळणावर. गाडीबरोबर सवयही बदलावी लागते, आणि सवय कुठल्या दुकानात मिळत नाही.

२५/
कायदा काय सांगतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणीची व्यवस्था आणली, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असणारी. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. नळीच्या मार्गात बसणारा बूस्टर आणि पत्रा कापून बसवलेला बूस्टर यांतला फरक येथे निव्वळ तांत्रिक उरत नाही.

२६/
लोहारांची जीप त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रकाशात आली हा योगायोग. ती ५० वर्षे जुनी नव्हती आणि कुठल्या कारखान्याची मूळ प्रतही नव्हती. त्यामुळे व्हिंटेज म्हणूनही नाही, नवी म्हणूनही नाही, कुठल्याच रकान्यात तिला जागा नव्हती. रस्त्यावरच्या इतरांच्या दृष्टीने पाहता हे नियम अवाजवी म्हणता येणार नाहीत. तरीही या मातीचा इतिहास पाहिला तर थोडी चुटपुट लागते. शेजारच्या पलूस तालुक्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभारला, तोही बेळगावच्या सायकलींच्या दुकानापासून चालत आलेला माणूस होता. त्याच्या लोखंडी नांगराला रस्त्यावर यायला परवाना लागला नव्हता.

२७/
शेवटी ज्यांच्या घरी बूस्टर असलेली जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी गॅरेजमधली एक चाचणी. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून धरावा आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर आणि नळी शाबूत असतील तर पायाखाली पॅडल आपोआप थोडे खाली उतरते. उतरले नाही तर झडप, नळी किंवा पडदा यांपैकी काहीतरी गेले आहे, आणि तेवढे दुरुस्त झाल्याखेरीज कुंभार्ली उतरू नये.

२८/
देवराष्ट्र्याची जीप आता चेन्नईजवळ चेंगलपट्टूच्या महिंद्र रिसर्च व्हॅलीच्या संग्रहाची झाली. तिच्या जागी आलेली बोलेरो डिझेलवर चालते, म्हणून तिच्यात व्हॅक्यूम पंप आहे, बूस्टर आहे, पुढे डिस्क आणि मागे मात्र अजून ड्रम आहेत.